पंधरा मिनिटांचा मानकरी

माणसाला म्हातारा केव्हा म्हणावे, याविषयी कायद्याचे एकमत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला तो बासष्टाव्या वर्षी घरी पाठवतो, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पासष्टाव्या वर्षी, आणि आम्हां वकिलांना तर तो कधीच घरी पाठवीत नाही. बास्केटबॉलच्या मैदानावर हा निकाल फार लवकर लागतो. तेथे पस्तिशी ओलांडलेला मनुष्य वृद्धांत जमा होतो. आणि तो सात फूट उंच असेल तर त्याच्याही आधी, कारण एवढ्या देहाचा भार ज्या दोन गुडघ्यांवर पडतो ते गुडघे कोणाची भीड धरीत नाहीत. असे असूनही दर वर्षी फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेतल्या एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेतले बलाढ्य संघ अशाच एखाद्या उंच वृद्धाच्या शोधात निघतात. त्यांच्यापाशी उड्या मारणारे तरणेबांड गडी थोडे असतात असे नाही. मग घरी बसलेल्या या माणसाला ते कशासाठी बोलावतात? आणि बोलावल्याने त्यांचे काही भले होते का?

हा वाद आमच्या घरात गेली काही वर्षे चालू आहे. माझा एक भाचा बॉस्टनजवळ नोकरीला असतो. आकडेशास्त्र हा त्याचा पोटापाण्याचा विषय आणि बास्केटबॉल हे त्याचे व्यसन. त्यानेच मला ही गोडी लावली. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात. शेजारच्या देवळात पूजेची घंटा वाजते त्याच सुमारास मी दूरदर्शन संच लावून बसतो, आणि कोर्टाची वेळ होण्याआधी सामना संपलेला असतो. वकिलाला यापेक्षा सोयीचे व्यसन सापडणे कठीण. भाच्याचे म्हणणे असे की संघात फक्त पंधरा जागा असतात, त्यातली एक जागा वृद्धासाठी अडवून ठेवणे म्हणजे शुद्ध भावनाविवशता. "मामा, तुम्ही वकील लोक वयाला मान देणारच. मैदान मान देत नाही," हे त्याचे नेहमीचे वाक्य. मला त्याचे म्हणणे निम्मे पटते. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांनी हा खेळ शाळेच्या पटांगणापलीकडे पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एकेका बाजूला पाच खेळाडू आणि सामना ४८ मिनिटांचा. त्या पाचांतला सर्वांत उंच तो सेंटर. प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेऊन बास्केटच्या दिशेने घुसला की त्याची वाट रोखणे, हुकलेला चेंडू फळीवरून परतताना झेलणे, आणि आपल्या नेमबाजाला मोकळीक मिळावी म्हणून प्रतिपक्षाच्या वाटेत खांबासारखे उभे राहणे ही त्याची कामे. यांतले पहिले काम सर्वांत महत्त्वाचे. साखळीचे ८२ सामने संपल्यावर निवडक संघांची बाद फेरी सुरू होते. तिला तिकडे प्लेऑफ म्हणतात. तेथे एकाच प्रतिपक्षाशी सात सामन्यांची झुंज असते, चार जिंकेल तो पुढे जातो. एकाच शत्रूशी दोन आठवडे पुन्हा पुन्हा गाठ पडली म्हणजे तो तुमचे सगळे दोष ओळखतो. साखळीत झाकून गेलेली फट प्लेऑफमध्ये झाकत नाही.

आता संघाचा पहिला सेंटर ४८ मिनिटे धावू शकत नाही. तो तीस-पस्तीस मिनिटे खेळतो. शिवाय खेळाडूने सहा वेळा नियमभंग केला की त्याला उरलेल्या सामन्यापुरते बाहेर बसावे लागते, त्यामुळे लवकर तीन फाऊल झाले तर प्रशिक्षक त्याला धास्तीनेच बसवतो. अशी तेरा-पंधरा मिनिटे उरतात. या पंधरा मिनिटांचा मानकरी तो राखीव सेंटर. आपल्याकडे उत्सवात पालखी निघते तेव्हा मुख्य भोयांबरोबर दोन-चार जण नुसते चालत असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. भोई थकला की त्यांतला एक पुढे होतो आणि दांड्याखाली खांदा लावतो. तेवढ्या वेळात पालखी फार पुढे न्यावी अशी त्याच्याकडून कोणाची अपेक्षा नसते. पालखी कलू नये, एवढीच असते. राखीव सेंटरचे काम नेमके हे आहे. आणि त्याने किती गुण केले हे मोजून त्याची किंमत ठरवणारे लोक नको ते माप घेऊन बसलेले असतात.

या प्रकरणातला माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा बॉस्टनचाच आहे, ही भाच्याची अडचण. २००७ च्या उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सनी केव्हिन गार्नेट आणि रे अ‍ॅलन या दोन मोठ्या खेळाडूंना आणले. पॉल पिअर्स तेथे आधीपासून होता. आदल्या वर्षी २४ सामने जिंकणारा संघ त्या वर्षी ६६ जिंकून गेला. सेंटर होता केंड्रिक पर्किन्स, वय अवघे तेवीस. त्याच्या पाठीमागे लिऑन पो आणि पहिल्याच वर्षाचा ग्लेन डेव्हिस. सगळे धट्टेकट्टे, सगळे पोरवयाचे. असे असताना २००८ च्या फेब्रुवारीअखेर संघाने पी. जे. ब्राऊन या अडतीस वर्षांच्या माणसाला करारबद्ध केले. तो आदल्या मोसमात शिकागोकडून खेळला होता, आणि त्यानंतर घरी बसून होता. चौदा मोसम खेळूनही अजिंक्यपद त्याच्या वाट्याला एकदाही आले नव्हते.

साखळीचे १८ सामने तो खेळला. त्यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. मग १८ मे २००८ चा दिवस आला. क्लीव्हलँडशी सातवा, म्हणजे निर्णायक सामना. त्या सामन्याची आठवण लोक लेब्रॉन जेम्सचे ४५ गुण आणि पिअर्सचे ४१ गुण यांच्यासाठी काढतात, आणि ते रास्तच आहे. परंतु कागद नीट वाचणे हा माझा धंदा असल्यामुळे मी त्याच सामन्याच्या नोंदीत खालची ओळ वाचली. ब्राऊन: चार वेळा नेम धरला, चारही वेळा चेंडू आत, दहा गुण, सहा रिबाउंड. सामना संपायला एक मिनिट एकवीस सेकंद उरले असताना बॉस्टनकडे फक्त एका गुणाची आघाडी होती. सगळे संरक्षक पिअर्सकडे लक्ष लावून होते. अशा वेळी मोकळा सोडलेला हा वृद्ध जरा अंतरावरून उंच झाला आणि त्याने चेंडू आत टाकला. ९१ विरुद्ध ८८. बॉस्टनने तो सामना ९७-९२ असा जिंकला, आणि पुढच्या महिन्यात लॉस एंजेलिस लेकर्सना हरवून बावीस वर्षांनी अजिंक्यपद मिळवले.

भाचा यावर म्हणतो, "एका नेमावरून सिद्धांत मांडू नका." बरोबर आहे; मीही कोर्टात प्रतिपक्षाला हेच सांगतो. पण मला त्या नेमापेक्षा त्याच्या आधीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. सातव्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी त्या माणसाला मैदानावर ठेवले होते, ही खरी गोष्ट. पोरांचा देह अधिक चपळ होता. तरीही तेथे ठेवला तो असा मनुष्य, की जो घाबरून चेंडू दुसऱ्याकडे ढकलणार नाही आणि उतावीळ होऊन नसता नेमही धरणार नाही. सेंटर संरक्षणात सर्वांच्या मागे उभा असतो, त्यामुळे त्याला सगळे मैदान दिसते. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला दिसते तसे. डावीकडून कोण येत आहे, कोणाच्या वाटेत कोण उभा राहतो आहे, हे त्याने ओरडून सांगायचे असते. हे ओरडणे नोंदवहीत कोठेच उतरत नाही. चौदा वर्षे तेच पाहिलेल्या माणसाला ते आधी दिसते; आणि पाय अर्धे पाऊल मागे राहिले तर डोळे ते अर्धे पाऊल भरून काढतात.

येथपर्यंत माझी बाजू. आता भाच्याची बाजू, आणि ती हलकी नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा खेळ बदलला आहे. पूर्वी बास्केटखाली रेटारेटी करून गुण मिळवीत. आता पावणेचोवीस फुटांवरून चेंडू टाकून एका फेकीत तीन गुण घेतात. प्रतिपक्षाचा चलाख खेळाडू मुद्दाम तुमच्या वृद्ध सेंटरलाच खेळात ओढतो. वृद्ध ज्याच्यावर नजर ठेवून असतो त्या गड्याला तो आपल्याकडे बोलावतो, त्याला वाटेत उभा करतो, आणि त्याच्या आडून निसटतो. आता वृद्धाने पुढे यावे की मागे थांबावे? पुढे आला तर चलाख त्याला बगल देऊन आत घुसणार. मागे थांबला तर चलाख तेथूनच तीन गुणांचा नेम धरणार. हे एकदा नव्हे, दर वेळी. त्याला बाहेर बसवेपर्यंत. भाचा याला शिकार म्हणतो. शब्द निर्दय असला तरी बिनचूक आहे. स्टीफन करीसारखा नेमबाज समोर असला तर पंधरा मिनिटांच्या मानकऱ्याची पाच मिनिटेही धड जात नाहीत.

आणि तरीसुद्धा या युक्तिवादाला २०२० सालच्या लेकर्सनी दिलेले उत्तर मला समाधानकारक वाटते. २०१९ च्या ऑगस्टात त्यांचा सेंटर डीमार्कस कझिन्स याचा गुडघा मोसमाआधीच फाटला. त्यांनी ड्वाइट हॉवर्डला बोलावले. एके काळचा हा महापराक्रमी. आठ वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडलेला, तीनदा सर्वोत्कृष्ट संरक्षक ठरलेला. पण पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे आदल्या मोसमात तो फक्त नऊ सामने खेळला होता. आणि २०१३ साली याच लेकर्सना सोडून गेला तेव्हा तेथल्या प्रेक्षकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. करार दिला तो हमी नसलेला. म्हणजे वाटेल त्या दिवशी निघ म्हणावे, आणि त्याने निघावे. एवढ्या मोठ्या माणसाने अशा कागदावर सही करावी, हे वाचून माझ्यातला वकील थोडा अस्वस्थ झाला होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ह्यूस्टनशी. त्या संघाने आपला उंच सेंटर मोसमाच्या मध्यावर देऊन टाकला होता, आणि सेंटरच्या जागी साडेसहा फुटांहून थोडा कमीच असलेला गडी उभा केला होता. सगळे धावणारे, सगळे दुरून नेम धरणारे. पहिल्या सामन्यानंतर हॉवर्ड जवळजवळ बसूनच राहिला. भाच्याचा युक्तिवाद शंभर टक्के खरा ठरला. त्यानंतरची फेरी डेन्व्हरशी. तेथे निकोला योकिच हा महाकाय आणि बुद्धिमान सेंटर. आता हॉवर्डवाचून चालेना. त्याने योकिचला रेटले, चिडवले, फाऊल ओढवून घेतले आणि ओढवले. चौथ्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून उतरवले तेव्हा त्याने १२ गुण व ११ रिबाउंड मिळवले. लेकर्सनी ती झुंज ४-१ अशी जिंकली. अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात मायामीविरुद्ध चपळ गडी हवा होता, म्हणून सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांतून हॉवर्डला पुन्हा काढले. सामना हातात आल्यावर शेवटी थोडा वेळ उतरवले, आणि अजिंक्यपद मिळाले. तोच माणूस, तेच गुडघे. एका आठवड्यात निरुपयोगी आणि पुढच्या आठवड्यात अपरिहार्य. म्हणून "वृद्ध सेंटरचा उपयोग होतो का" हा प्रश्न मला अर्धवट मांडलेला वाटतो. कोणासमोर, हे त्यात लिहिलेलेच नसते.

याच संदर्भात एक जुनी गंमत. या शतकाच्या आरंभी लेकर्सकडून शकील ओनील खेळत असे तेव्हा इतर संघ राखीव सेंटरांचा साठा करीत, तो त्यांच्या कौशल्यासाठी नव्हे. प्रत्येक सेंटरच्या खात्यात सहा फाऊल जमा असतात, आणि ओनीलचे फ्री थ्रो कारकिर्दीत शंभरांतले जेमतेम त्रेपन्न आत जात. त्याला बास्केट करू देण्यापेक्षा धक्का देऊन दंडाचे फेक देणे स्वस्त. तीन सेंटर म्हणजे अठरा फाऊल. नियमभंग हेच ज्यात भांडवल आहे असा हिशेब मी दुसऱ्या कोणत्या खेळात पाहिलेला नाही.

आणि दैवगती अशी की त्याच ओनीलने माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत मोठा पुरावा निर्माण केला, तोही बॉस्टनमध्येच. २०१० च्या जूनमध्ये लेकर्सविरुद्धच्या अंतिम फेरीत सहाव्या सामन्यात पर्किन्सच्या गुडघ्याचे बंध तुटले. सातव्या सामन्यात तो नव्हता. लेकर्सनी ५३ रिबाउंड घेतले, बॉस्टनने ४०. आणि सामना चार गुणांनी गेला. सेंटर नसला म्हणजे काय होते, हे त्या तेरा रिबाउंडांत वाचावे. उन्हाळ्यात बॉस्टनने अडतीस वर्षांच्या शकील ओनीलला आणले. येथवर ठीक. पण २०११ च्या फेब्रुवारीत, संघ पूर्व विभागात अग्रभागी असताना, पर्किन्सलाच ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकले. त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता हे एक कारण होते. आणि दुखापतीतून ओनील परत येईल, मधली जागा तो सांभाळील, हा भरवसा दुसरे. ओनील त्या मोसमात ३७ सामने खेळला. प्लेऑफमध्ये तो दोन सामन्यांत मिळून १२ मिनिटे दिसला. मायामीने बॉस्टनला ४-१ असे हरवले. त्या झुंजीत राँडोचा कोपर निखळला होता, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. सारा दोष सेंटरच्या जागेवर टाकता येणार नाही. परंतु २००८ आणि २०११ या दोन वर्षांत मला जो फरक दिसतो तो ब्राऊन आणि ओनील यांच्या योग्यतेतला नाही. योग्यतेत ओनील शतपटीने मोठा. फरक असा, की २००८ साली पर्किन्स जागेवर होता आणि ब्राऊन त्याच्या मागे उभा होता. २०११ साली मागे उभ्या राहणाऱ्याच्या भरवशावर पुढचा माणूस विकला. खांदा बदलायला आणलेल्या माणसाच्या खांद्यावर त्यांनी सगळी पालखी दिली.

भाच्याशी माझा वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबतो. वृद्धाला आणावे, अवश्य आणावे. पण तो उद्या आला नाही तरी संघ उभा राहील अशा संघातच आणावे.

देहाचा विश्वास किती धरावा, यासाठी अँड्र्यू बोगटचे उदाहरण पुरे. मार्च २०१७ मध्ये क्लीव्हलँडने त्याला मोठ्या आशेने घेतले. पहिल्या सामन्यात उतरून एक मिनिटही झाले नव्हते, तोच त्याच्या पायाचे हाड मोडले, आणि त्याचा मोसम तेथेच संपला. दोन वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, गोल्डन स्टेटने त्याला सिडनीहून बोलावले. महिनाभरात प्लेऑफच्या दुसऱ्याच सामन्यात त्यांचा मुख्य सेंटर कझिन्स मांडी धरून बसला, आणि बोगट तिसऱ्या सामन्यापासून सुरुवातीच्या पाचांत उभा राहिला. माणूस तोच. एका संघाचे पैसे एका मिनिटात बुडाले, दुसऱ्याचे सव्याज परत आले. विमा उतरवणाऱ्याने यात आश्चर्य मानू नये.

पैशावरून आठवले. या व्यवहारातला एक नियम मला, वकील म्हणून, फार आवडतो. तेथे खेळाडू जितका जुना तितके त्याचे किमान वेतन अधिक. हे असेच ठेवले असते तर प्रत्येक संघाने स्वस्त म्हणून पोर घेतले असते आणि अनुभवी माणूस घरी राहिला असता. म्हणून अशी तजवीज आहे की किमान वेतनाचा एक वर्षाचा करार केला तर संघाच्या खात्यावर फक्त दोन वर्षे जुन्या खेळाडूइतकाच बोजा पडतो. वरचा फरक मंडळ सोसते. दुसरा नियम मुदतीचा. जुन्या संघाने १ मार्चपर्यंत मुक्त केलेला नसेल तर नव्या संघाकडून प्लेऑफ खेळता येत नाही. फेब्रुवारीअखेर जी धावपळ दिसते तिचे मूळ या तारखेत आहे. मुदत संपण्याच्या दिवशी आमच्या कोर्टाच्या कचेरीत जी गर्दी होते तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हा विषय माझ्या मनाला इतका का लागला, तेही सांगतो. आमच्या बेळगावच्या कचेरीत बहात्तर वर्षांचे एक ज्येष्ठ वकील आहेत. आठवड्यातून दोन दिवस येतात. ई-फायलिंग त्यांना जमत नाही, जिने चढवत नाहीत, उलटतपासणीत आता आवाज चढत नाही. कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांना त्यांच्या टेबलाची जागा हवी होती, आणि त्यांचे म्हणणे बेजबाबदार नव्हते. जागा खरोखरच कमी आहे. ही कुणकुण अण्णांच्या कानावर गेली. एके दिवशी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "कशासाठी ठेवलंय मला, ते सांगा. दया म्हणून ठेवत असाल तर सोमवारपासून मी येत नाही."

मी त्या वेळी कपाटातून एक नक्कल काढून त्यांच्यापुढे ठेवली. इनाम जमिनीच्या एका दाव्यात प्रतिपक्षाने हजर केलेला मोडी कागद होता. आमच्यापैकी कोणाला मोडी येत नाही. भाषांतर करून घेता येते. पण त्या कागदातला एखादा शब्द त्या काळी वहिवाटीच्या अर्थाने वापरीत की मालकीच्या, हे भाषांतरकार सांगू शकत नाही. अण्णांनी चष्मा सावरून वाचायला घेतला, आणि अर्ध्या तासाने एका ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "हा शब्द तुमच्या बाजूचा आहे." त्या दाव्याची धावपळ तरुणांनी केली, युक्तिवाद मी केला. अण्णा एक दिवस कोर्टात येऊन माझ्या मागे बसले होते, आणि दोनदा त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. टेबल त्यांचेच राहिले. मात्र त्यांच्या नावावर आम्ही नवे वकीलपत्र घेत नाही. हे त्यांनीच सुचवले. असे दावे वर्षात तीन-चार येतात. उरलेल्या दिवसांत ते वर्तमानपत्र वाचतात आणि दुपारी थोडे डुलकतात. ह्यूस्टनच्या झुंजीत हॉवर्ड काय वेगळे करीत होता?

मानी माणसाला हे बसणे सोपे नसते. १९८६ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट पॅरिश मुख्य सेंटर होता आणि त्याच्या मागे, स्वतःच्या काळचा अद्वितीय सेंटर बिल वॉल्टन राखीव म्हणून बसत असे. वॉल्टनचे पाय अनेक वेळा मोडून झाले होते. त्या वर्षी तो ८० सामने खेळला, सर्वोत्कृष्ट राखीव खेळाडूचा मान त्याला मिळाला, आणि संघ अजिंक्य ठरला. अकरा वर्षांनी चक्र फिरले. १९९७ साली शिकागोच्या राखीव बाकावर त्रेचाळीस वर्षांचा पॅरिश बसला होता. प्लेऑफमध्ये तो केवळ दोन सामन्यांत उतरला. त्याच संघाने साखळीचे नऊ सामने उरलेले असताना ब्रायन विल्यम्स या अठ्ठावीस वर्षांच्या सेंटरला घेतले होते. तो प्लेऑफचे १९ च्या १९ सामने खेळला. अजिंक्यपदाची अंगठी दोघांनाही मिळाली. भाच्याला यात आपल्या पक्षाचा विजय दिसतो, आणि खेळापुरते पाहिले तर तो त्याचाच आहे. पॅरिश मात्र त्या वर्षी तक्रार न करता बसून राहिला.

२०१९ च्या ऑक्टोबरात इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे संघ मुंबईला आले होते. मुलाला घेऊन मी वरळीला तो सामना पाहिला. पडद्यावर जे कळत नाही ते तेथे कळले: ते उंच लोक बाकावरून एका झटक्यात उठत नाहीत. आधी गुडघ्यांवर हात, मग एक श्वास, मग उठणे. विशी-पंचविशीतल्या गड्यांची ही गत, तर अडतिशीतल्या माणसाला पाऊण तास थंड बसून एकदम सात मिनिटांसाठी उठायचे म्हणजे काय याची कल्पना मला तेव्हा आली.

भाच्याने मध्यंतरी मला विचारले, "मामा, तुम्ही संघाचे वकील असता तर सही करण्यापूर्वी काय तपासले असते?" मी म्हटले, वैद्याचा दाखला मागितला असता. आपला मुख्य सेंटर जागेवर आहे ना, हे पाहिले असते. पुढच्या फेऱ्यांत योकिचसारखा कोणी आडवा येण्याचा संभव आहे का, हे विचारले असते. आणि सलग तीन सामने एक मिनिटही मिळाले नाही, चौथ्यात एकदम हाक आली, तर हा मनुष्य रुसलेला असेल की तयार असेल, हे शोधले असते.

"पहिल्या तिन्हींची उत्तरं मी काढून देतो," भाचा म्हणाला. "शेवटच्याला आकडा नाही."

आकडा नसेल तर माणसाला जाऊन विचारावे. २००८ च्या फेब्रुवारीत ऑल-स्टार सामन्यासाठी पिअर्स आणि अ‍ॅलन न्यू ऑर्लिन्सला गेले होते. ब्राऊन लुईझियानातच राहत असे. त्या दोघांनी तेथे त्याला गाठले आणि येतोस का म्हणून विचारले. दहा दिवसांत तो बॉस्टनला हजर झाला.